पट्टीबाईंच्या परसातला घेवडा

सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला लागून, जखमा धुऊन पट्ट्या बांधायची एक लहानशी खोली होती. त्या खोलीत सव्वीस वर्षं काढली म्हणून सगळी गल्ली त्यांना पट्टीबाई म्हणायची. कुत्रा चावलेले, यंत्रात बोटं गेलेले, दारूच्या बाटल्यांनी एकमेकांना फोडून शेजारीशेजारी बाकावर बसलेले, असे सगळे त्यांच्या हाताखालून जायचे. रक्त बघून पट्टीबाईंची पापणीसुद्धा हलायची नाही. "ओरडा हवं तेवढं, पण हात हलवू नका," एवढंच त्या म्हणायच्या.

घरी आल्या की चपला बाहेर, पिशवी खुंटीला आणि पट्टीबाई थेट मागच्या परसात. ते परस त्यांना सासूबाईंकडून मिळालं होतं आणि त्याची सुरुवात एका थोबाडीतनं झाली होती.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी फडताळात त्यांना राखेत पुरलेला घेवडा दिसला. पांढरा दाणा, त्यावर लाल टिपके. पट्टीबाईंनी हौसेनं तो धुतला, भिजत घातला आणि संध्याकाळी शिजवून वाढला. सासूबाईंनी पहिला घास घेतला, चावायच्या थांबल्या, उठल्या आणि सुनेच्या कानाखाली अशी वाजवली की दोन दिवस कान वाजत राहिला.

"बियाणं शिजवलंस, भवाने! या घेवड्यात माझा एक दात गेलाय."

ही गोष्ट नंतर राग उतरल्यावर कळली. सासूबाईंची आई गेली तेव्हा तिच्या बियाण्यांवरून दोघी बहिणींची जुंपली होती. थोरलीनं खलबत्त्यातला बत्ता तोंडावर हाणला. त्यात समोरचा दात गेला.

"मग तुम्ही काय केलंत?" पट्टीबाईंनी विचारलं.

"मी तिचं बोट चावलं. घेवडा सोडला नाही."

डब्याच्या तळाशी, राखेत, सात दाणे उरले होते. ते सात सासूबाईंनी सुनेच्या हातानंच लावून घेतले. रोज सकाळी येऊन बघायच्या आणि उगवलं नाही तर काय होईल ते सांगायच्या. सातांतले पाच उगवले. त्या पाचांपासून घेवड्याचा मांडव पुन्हा भरला आणि सासूसुनेचं जे काही जमलं ते त्या मांडवाखाली जमलं.

पुढं म्हातारी गेली, मग ट्रकच्या धडकेत नवरा गेला, आणि परसात पट्टीबाई एकट्या उरल्या. फडताळात तेव्हा एकोणीस बरण्या होत्या. काटेरी देठाचं पांढरं वांगं, खरबरीत सालीची काकडी, दोन हात लांबीचा दोडका, बुटक्या झाडाला लागणारी चपटी मिरची. बाजारात यातलं काहीच मिळत नसे. वांग्याची जात बिघडू नये म्हणून त्या फुलं उमलायच्या आधी त्यांना जाळीच्या कापडाच्या पिशव्या बांधायच्या. दवाखान्यात टाकून दिलेल्या, कोऱ्या पण मळक्या पट्ट्या धुऊन शिवलेल्या त्या पिशव्या. मधमाशी आत शिरायला नको. गल्लीतला न्हावी कुंपणावरनं डोकावून म्हणायचा, "बाई, वांग्याला काय लागलंय? टाके घातलेत का?"

कुंपणावर गोकर्ण आणि रानजाई. खाली तेरडा. कोपऱ्यात कळलावी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. रोपवाटिकेचा मालक एकदा म्हणाला होता, "ही सगळी रानातली फुलं. पोसायची कशाला, फुकट वाढतात की." पट्टीबाई म्हणाल्या, "रान कुठं उरलंय ते दाखव, मग सोडून येते तिथं."

घराचे दोन भाग होते. मागच्या दोन खोल्या आणि परस पट्टीबाईंचं. पुढच्या तीन खोल्या आणि रस्त्याकडचं गॅरेज धाकट्या दिराचं. सासूबाईंनी तसा कागद करून ठेवला होता. दीर हातानं तरबेज. इंजिनाचा आवाज नुसता ऐकून बिघाड सांगायचा. पण राग कायम नाकावर. हातातली वस्तू फेकायची ही त्याची बोलायची पद्धत. गिऱ्हाइकासमोर पाने-पकडी फेकायचा आणि घरात काय फेकायचा ते त्याच्या बायकोच्या अंगावर दिसायचं.

तिला सगळे धाकटी म्हणायचे. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या घालायची. पट्टीबाईंना बाह्या वर करायची गरजच नव्हती. मान वळवताना ती कुठं थांबते, पाणी भरताना कोणता हात वापरते, यावरून त्यांना कळायचं. गळ्याशी हिरवट-पिवळा डाग दिसला की मनाशी म्हणायच्या, आठवडा झाला. निळा-काळा दिसला की, परवाचा आहे. नऊ वर्षं त्या हे वाचत राहिल्या आणि तोंडाला कुलूप लावून बसल्या. कारण दीर परसाकडं फिरकत नव्हता. तो इथं येत नाही तोवर आपण तिथं बोलायचं नाही, असा काहीतरी करार त्यांनी मनातल्या मनात करून टाकला होता. धाकटीला तो करार मान्य होता का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी दिराला गाड्या रंगवायची शेड हवी झाली.

"वहिनी, मागं नुसतं गवत माजलंय. मला द्या ती जागा. भाजी काय, बाजारात पोत्यानं मिळते."

"ते गवत नाही, भाऊजी. आणि जागा मिळायची नाही."

"बघा हं. मी नीट विचारतोय."

"मीही नीटच सांगतेय."

चौथ्या दिवशी पट्टीबाई कामावरनं आल्या तर काकडीचा वाफा काळा कुळकुळीत. इंजिनातलं जुनं तेल, चांगला डबाभर, मुळांवर ओतलेलं. वेलांची पानं उकळत्या पाण्यात घातल्यासारखी लोळत होती. पट्टीबाईंनी फावडं घेतलं. हातभर खोल माती उकरली, घमेल्यात भरली आणि पुढं जाऊन गॅरेजमधल्या एका पांढऱ्या गाडीच्या टपावर ओतली. एक घमेलं, दुसरं, तिसरं. गाडी कोणा वकिलाची होती आणि तो तासाभरात न्यायला येणार होता.

पाचव्या घमेल्याला दीर आतून आला. हातात मोठा पाना होता. त्यानं तो पट्टीबाईंच्या उजव्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना ओळखीचा होता. फक्त तो आजवर दुसऱ्यांच्या अंगातून आला होता. घमेलं पडलं, त्या गुडघ्यावर बसल्या, आणि दीर त्यांच्या डोक्यावर वाकून म्हणाला, "पुढच्या वेळी डोकं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं? पट्टीबाई म्हणाल्या, जिन्यावरून पडले. हे वाक्य त्यांनी दुसऱ्या बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते शिवून ठेवल्यासारखं तयारच बाहेर आलं. त्यांच्या घराला जिना नव्हता. प्लास्टर घालणाऱ्या पोराला हे माहीत होतं, पण तो पट्ट्या भिजवत राहिला.

प्लास्टर सहा आठवड्यांचं. त्यातले चार आठवडे काही झालं नाही. घेवडा वाळायला आला. शेंगा पिवळ्या पडल्या, हलवल्या की आतले दाणे वाजायचे. आणखी आठ दिवस ऊन खाल्लं की काढायचा. पट्टीबाई डाव्या हातानं विळा चालवायला शिकल्या होत्या. विळा लहान, दातेरी, सासूबाईंचाच. वांग्यावरच्या पिशव्या सोडून बियाण्याची पिवळी फळं काढून झाली, चिरून, बी धुऊन सुकवून तेही बरणीत गेलं. आता घेवडा तेवढा राहिला, मग या वर्षाचं सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

रविवारी दुपारी, जेवण होऊन त्या डाव्या हातानं भांडी घासत होत्या. मागं काडकाड आवाज झाला. धावत दारात आल्या तर दीर कोयता घेऊन मांडवात उभा. खांब तोडले होते, मांडव एका अंगावर पडला होता आणि तो त्यावर नाचत होता. खरोखर नाचत होता. वाळल्या शेंगा बुटाखाली फुटून दाणे उडत होते. रानजाईचा वेल त्यानं कुंपणासकट ओढून काढला. मग कोयता कंबरेला खोचून, पट्टीबाईंना ढकलून आत गेला आणि फडताळ दोन्ही हातांनी धरून पालथं केलं.

एकोणीस बरण्या. काचा, राख, बी. खोलीभर राखेचा धुरळा उठला, दीर खोकत बाहेर आला आणि राहिलेला राग काढायला कोयता उपसून वांग्याकडं वळला.

पट्टीबाईंच्या डाव्या हातात विळा कधी आला ते त्यांना पुढंही नीट सांगता आलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. पळाल्याही नाहीत. रोज भाजी काढायला जातात तशा चालत गेल्या. त्यानं कोयता उगारायला हात वर केला आणि त्यांनी खालून विळा ओढला, कोपराच्या आतल्या बाजूला, पेंढी कापताना ओढतात तसा. दात मांसात अडकले. त्यांनी आणखी जोर लावून ओढला.

कोयता पडला. दिरानं हाताकडं पाहिलं. रक्त वाहत नव्हतं, उडत होतं. लाल भडक, थांबून थांबून, एकेका ठोक्याला एकेक चिळकांडी. वांग्याच्या पानांवर थेंब टपटपले. दीर मागं सरकला, पडलेल्या मांडवात पाय अडकून उताणा पडला, आणि हा दांडगा माणूस लहान आवाजात म्हणाला, "वहिनी."

शीर तुटली आहे, पट्टीबाईंना एका नजरेत कळलं. अशा वेळी किती मिनिटं हातात असतात, दंडावर कुठं दाबायचं, काय बांधायचं, सगळं त्यांना येत होतं. गावात त्यांच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

विळा हातात, राखेनं पांढरं झालेलं तोंड, आणि त्या बघत होत्या. घाबरून गोठल्या होत्या असं नाही. हे त्यांनी नंतर स्वतःपासून लपवलं नाही. त्यांना बरं वाटत होतं. अंगातून काहीतरी गरम, गोड उतरत होतं. मनगटाची कळ थांबली होती. दिराचे ओठ पांढरे होऊ लागले आणि त्यांना वाटलं, होऊ देत.

मागच्या दारात धाकटी आली. तिनं पाहिलं, दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तीही हलली नाही. दोघी जावा दोन बाजूंना उभ्या आणि मधे तो. मग धाकटीची नजर पट्टीबाईंच्या नजरेला भिडली. त्या नजरेत पट्टीबाईंना आपलंच तोंड दिसलं असावं, कारण त्यांचा विळा गळून पडला.

"झोप! उठू नकोस!" त्या ओरडल्या. वीस वर्षं अहो-जाहो केलेल्या दिराला पहिल्यांदा एकेरीत. डोक्याचा रुमाल सोडला, दंडाला वेढा घातला, पण प्लास्टरमुळं गाठ बसेना. "धाकटे, इकडं ये! खुरपं दे ते. दांडा यात घाल. पिळ. आणखी पिळ. तो ओरडला तरी पिळ."

धाकटीनं पिळलं. तो ओरडला. तिनं आणखी एक पीळ जास्तच घातला, एवढं पट्टीबाईंच्या लक्षात आलं.

चिळकांडी थांबली. आता दवाखाना. गॅरेजात एकच चालती गाडी होती, कोणा शिक्षकाची, ब्रेक दुरुस्त करायला आलेली.

"चालवणार कोण?" पट्टीबाई म्हणाल्या.

"मी," धाकटी म्हणाली. "बारा वर्षं बघतेय."

तिनं ती गाडी पहिल्या गिअरमध्ये दवाखान्यापर्यंत नेली. दुसरा तिला टाकता येत नव्हता. इंजिन किंचाळत होतं. मागच्या सीटवर दिराचं डोकं पट्टीबाईंच्या मांडीवर, आणि अर्धवट शुद्धीत तो माणूस पुटपुटत होता, "क्लच दाब... अगं, क्लच..." फाटकाच्या खांबावर गाडी थांबली, कारण ब्रेक अजून दुरुस्त व्हायचे होते.

जीव वाचला. हात राहिला, पण तीन बोटं मिटायची बंद झाली.

तिसऱ्या दिवशी फौजदार जबाब घ्यायला आले. दिरानं पडल्यापडल्या सांगितलं, "पत्रा लागला. शेडचा पत्रा." बाईच्या हातून मार खाल्ला हे त्याला मरणापेक्षा वाईट वाटत असणार. पट्टीबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"पत्रा नाही. विळा," त्या म्हणाल्या. "मी मारला. आणि मारल्यावर लगेच मदत केली नाही, तेही लिहा."

फौजदार वैतागले. "बाई, तो स्वतः म्हणतोय पत्रा. तुम्हाला कशाला हौस?"

"कारण मग हेसुद्धा लिहावं लागेल," असं म्हणून त्यांनी प्लास्टर पुढं केलं. "हा जिना नाही. पाना आहे."

मग धाकटी बोलली. कोणी तिला विचारलं नव्हतं. तिनं बाह्या वर केल्या आणि तारखांसकट सांगत गेली. हे कधीचं, ते कशानं. फौजदारांची लेखणी मागं पडू लागली. दीर भिंतीकडं तोंड करून पडला होता. शेवटी धाकटी म्हणाली, "आणि ताईंना सगळं माहीत होतं. नऊ वर्षं. त्या रोज असल्या जखमा धुतात. माझी एकदाही धुतली नाही. तेही लिहा."

विळ्यानं दिराला जेवढं लागलं, त्याच्याहून कितीतरी खोल हे पट्टीबाईंना लागलं. त्या म्हणाल्या, "खरं आहे," आणि बाहेर जाऊन बाकावर बसल्या, जिथं रोज दुसरे लोक बसायचे.

खटला दोन वर्षं चालला. पट्टीबाई आणि दीर, दोघेही दोषी ठरले आणि दोघांनाही चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. मधल्या काळात पट्टीबाईंना आठ महिने कामावरून दूर ठेवलं गेलं. त्या आठ महिन्यांत त्यांनी खोलीतली राख चाळणीनं चाळली, रोज थोडी, चष्मा लावून. काचेच्या कणांतून बी वेचताना बोटं चिरायची. एकोणीस जातींतल्या अकरा हाती लागल्या. दोडका, काकडी, मिरची, आणि बुटाखालून वाचलेले घेवड्याचे दाणे. पांढरं वांगं गेलं. त्याचं बी बारीक, राखेत मिसळलं ते मिसळलं. चाळलेली राखसुद्धा त्यांनी एका वाफ्यात पसरून पाणी घालून पाहिलं. तिथं नुसतं गवत आलं. कुठंच मिळालं नाही ते वांगं पुन्हा, आणि त्या बाबतीत त्यांची समजूत कधी पटली नाही.

धाकटीनं घर सोडलं नाही. तिनं नवऱ्याला सोडलं, तेही घरातल्या घरात. मधली खोली आतून कडी लावून स्वतःची केली आणि सकाळी गॅरेजात उतरू लागली. दिराला पाना धरता येत नव्हता. तो स्टुलावर बसून आवाज ऐकायचा आणि बिघाड सांगायचा. हात काळे करायची ती. सुरुवातीला गिऱ्हाइकं हसली, मग आपापल्या गाड्या आणू लागली. एकदा त्यानं जुन्या सवयीनं डाव्या हातानं डबा फेकला. धाकटी गाडीखालून बाहेर आली, डबा उचलला आणि त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, "परत फेक. मी मोजतेय." त्यानं फेकला नाही.

पट्टीबाईंशी ती कामापुरतं बोलायची. दवाखान्यातून आल्यावर एके दिवशी पट्टीबाई पुढच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या पाठीवरचं ते जुनं, नीट न भरलेलं, दाखवशील?" धाकटीनं बराच वेळ हातातला बोल्ट पुसला. "आता कशाला?" म्हणाली. पण पुढच्या रविवारी मागं आली, पाठमोरी बसली. पट्टीबाईंनी मलम लावलं. माफी मागावी असं त्यांना फार वाटलं, पण तेवढ्यात धाकटी म्हणाली, "बोलू नका हं ताई, नाहीतर मी उठेन." त्या मलम चोळत राहिल्या.

विळा त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. सगळं नखांनी नाहीतर कात्रीनं काढायच्या. दवाखान्यात कोणाची शीर उडताना दिसली की त्या आता जरा जास्तच घाईनं पुढं जायच्या. सोबतच्या मुली म्हणायच्या, बाई म्हातारपणी घाबरट झाल्या. त्या म्हणायच्या, "हो, झाले."

निकाल लागल्यावर महिन्याभरानं, एका सकाळी, त्या काकडीच्या वाफ्यात वाकल्या असताना दीर परसाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. लुळा हात दुसऱ्या हातात धरलेला.

"वहिनी, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"तुम्ही किती वेळ उभ्या होतात?"

पट्टीबाई सरळ झाल्या. कोर्टात हे वकिलांनी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी आठवत नाही म्हटलं होतं.

"बराच वेळ," त्या म्हणाल्या.

"मला तसंच वाटलं. मी बघत होतो तुमच्याकडं. मला वाटलं, येत नाहीत आता या."

"मलाही तसंच वाटलं होतं, भाऊजी."

तो मान हलवत राहिला, जसा इंजिन ऐकताना हलवायचा. वेलाखाली एक काकडी पिवळी पडून बियाण्याला आली होती, ती त्यानं पायानं दाखवली. "ही चुकून राहिली तुमची."

"राहू दे. मुद्दाम ठेवलीय."

"बरं," तो म्हणाला आणि वळला. पुढून धाकटीनं त्याला हाक मारली, कुठल्यातरी गाडीचा आवाज ऐकायला. पट्टीबाईंनी तो जाईपर्यंत पाहिलं, मग काकडीखाली ओल लागू नये म्हणून एक कौलाचा तुकडा सरकवला आणि कामाला निघायला उशीर झाला म्हणून हात धुवायला आत गेल्या.